उदयसिंग मास्तरची तिसरी फायनल

उदयसिंगला मी पहिल्यांदा पाहिलं ते गुरांच्या गोठ्यात. गोठा हीच त्याची शाळा होती. सकाळी गुरं रानात गेली की तो शेण काढायचा, वर राख पसरायचा, पोती अंथरायचा आणि पोरं बसवायचा. कारंज्यापासून पाच कोसांवर, धनजच्या वाटेला, चाळीस झोपड्यांचा बंजाऱ्यांचा तांडा होता. सन एकावन्न. चौथीच्या पोरांची परीक्षा घ्यायला शाळाखात्याच्या हापिसानं मला तिथं धाडलं होतं. मी कारंज्याच्या एका शाळेत नवा मास्तर, वय चोवीस, अंगात कोट, आणि शेवटचे दोन कोस पायी यावं लागल्यामुळे डोकं तापलेलं. मनाशी ठरवूनच आलो होतो की अर्ध्या तासात सगळ्यांना नापास करायचं आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचं.

पहिल्याच बाकावर, म्हणजे पहिल्याच पोत्यावर, भुरी नावाची नऊ वर्षांची पोर बसली होती. तिला मी मुद्दाम औटकी विचारली, साडेतीनचा पाढा. तो भल्याभल्या पोरांना यायचा नाही, खरं सांगायचं तर मलाही अडखळतच यायचा. "औट सत्ते?" म्हणून मी तोंड मिटायच्या आत ती म्हणाली, "साडेचोवीस." मग मी उलट विचारलं, मधूनच विचारलं, ज्वारीच्या पायल्या करून विचारलं, बैलांची खुरं करून विचारलं. ती चुकेना. तिच्या मागची आठ पोरंही चुकेनात. बायका जात्यावर बसून जशा चालीत म्हणतात तशा चालीत उदयसिंगनं त्यांना पाढे शिकवले होते, त्यामुळे पाढा म्हणताना पोरांचे खांदेही जातं ओढल्यासारखे हलायचे. मी नऊच्या नऊ पास लिहिले, कोट काढून दावणीवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसलो.

उदयसिंग तेव्हा बावीस वर्षांचा. काटक, लाल पागोट्याचा, बोलताना जमिनीकडे पाहणारा. रोज पायी जाऊन कामरगावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकला होता, पुढचं सगळं स्वतःच वाचून काढलेलं. तांड्याच्या नायकानं, किसनसिंगनं, हापिसात चकरा मारून शाळा मागून घेतली होती आणि दुसरा कोणी मास्तर तिथं यायला तयार नव्हता म्हणून उदयसिंगला तात्पुरतं नेमलं होतं. त्या तात्पुरत्यात गोम होती. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल तीन वर्षांत पास झाला तर तो कायम, नाही तर त्याच्या जागी पास झालेला मास्तर येणार. गोठ्यात शेण काढून शिकवायला पास झालेला कोणता मास्तर येणार होता, हे हापिसाला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "तुला फायनल म्हणजे काय रे, हातचा मळ. मी भरतो तुझा फॉर्म."

बावन्न साली तो पहिल्यांदा बसला. आमच्याच शाळेत केंद्र होतं. आदल्या दिवशी तो आला तो एकटा नाही, दोन बैलगाड्या भरून माणसं घेऊन आला. किसनसिंग नायक, बायको रामीबाई, शेजारपाजारचे, आणि त्याची आई गोमतीबाई. हातभर हस्तिदंती चुडे, घागऱ्याला आरसे, आणि आवाज असा की बोलली तरी बाजारातली माणसं वळून बघायची. बंजाऱ्यांत लेक सासरी निघाली, किंवा कोणी लांब जायला निघालं, की बायका त्याच्या गळ्यात पडून सुरात रडतात. नुसतं रडणं नसतं ते, त्यात सांगणं असतं. कोण कुणाची, काय सोडून चालली, मागे कोण राहिलं. गोमतीबाई त्यात इतकी नामी होती की दहा तांड्यांवरून तिला लग्नांना बोलावणं यायचं. त्यांच्या तांड्यात असं पक्कं धरलेलं होतं की रडून वाट लावली नाही, म्हणजे रडून निरोप दिला नाही, तर गेलेलं माणूस धड परत येत नाही.

आता पाच कोसांवर तीन दिवसांच्या परीक्षेला जाणं हे काही सासरी जाणं नव्हे. पण तांड्यातून अशा कामाला आजवर कोणी गेलंच नव्हतं, मग त्याला वाट कशी लावतात हे तरी त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं. सकाळी शाळेच्या फाटकापाशी गोमतीबाईनं लेकाच्या गळ्यात हात टाकला आणि आभाळ फाटल्यासारखी रडली. मला त्यांची बोली कळत नव्हती. नंतर उदयसिंगनंच सांगितलं. तुझ्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, तुझ्या बापानं खडी फोडली, आता चाळीस चुलींची लाज तुझ्या बोटांत हाय, रिकाम्या हातानं येऊ नको माझ्या वासरा. असं बरंच. मग एकेका चुलीचं नाव.

त्या दिवशी वर्गात पहाऱ्याला मीच होतो. पेपर वाटला. उदयसिंगनं टाक दौतीत बुडवला आणि तो तसाच धरून बसला. थेंब कागदावर पडला. त्यानं टीपकागद लावला, पुन्हा टाक बुडवला, पुन्हा थेंब. पागोट्याखालून घाम गळत होता. मी दोनदा शेजारून गेलो, खाकरलो, डोळ्यांनी खूण केली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती त्या नजरेत. तीन तासांत त्यानं वर आपला नंबर लिहिला आणि पहिल्या गणिताचा आकडा तेवढा उतरवून काढला.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, लाजही वाटली, कारण मी हेडमास्तरांपुढे त्याची फार टिमकी वाजवली होती. बाहेर लिंबाखाली गाठून म्हटलं, "काय झालं काय तुला? साधी त्रैराशिकं होती!" तो तिथंच खाली बसला, काडी उचलली आणि धुळीत पहिलं गणित सोडवलं. मग दुसरं. मग सगळी. प्रश्नपत्रिकेकडे न बघता. मी वाकून तपासत गेलो. ऐंशीच्या खाली गुण देता आले नसते. तेवढ्यात आमचा चपराशी तय्यब झाडू घेऊन आला, धुळीत पाहिलं आणि ते गणित न मोडता बाजूनं झाडून गेला.

"मंग आत काहून नाही लिहिलं?" तय्यबनंच विचारलं.

"पेपर हातात आला का याडीचं रडनं कानात सुरू होते," उदयसिंग म्हणाला. आईला ते याडी म्हणतात. "चाळीस घरं एकामागं एक समोर येऊन बसतात. मंग मले गणित दिसत नाही, घरं दिसतात."

"घरं दिसतात तर तीच मोजायची!" मी म्हणालो आणि माझ्याच विनोदावर हसलो. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. माणूस बुडतोय असं सांगत होता आणि मी काठावर बसून त्याची नक्कल करत होतो.

त्रेपन्नला तेच झालं, उलट वाढून झालं. महिनाभर आधीपासून त्याचं जेवण तुटलं. रामीबाई सांगायची, भाकर समोर ठेवली तर तुकडा मोडून तसाच धरून बसतात. परीक्षेच्या सकाळी गोमतीबाईनं मागच्या वर्षीपेक्षा जोरात वाट लावली, कारण तिला वाटलं गेल्या वेळी आपलंच काही कमी पडलं. उदयसिंग वर्गात आला, पेपर उघडला आणि खिडकीशी जाऊन ओकला. दुपारी लिंबाखाली पुन्हा सगळी गणितं बरोबर.

आता एकच वर्ष उरलं. त्या वर्षात गोठ्यातली आणखी अकरा पोरं चौथी पास झाली. त्यांची परीक्षा घ्यायला मीच गेलो होतो. परीक्षेआधी तो पोरांना काय सांगायचा ते मी ऐकलं. "नाही आलं तं सोडून द्या, दुसरं करा. मी काही मारत नाही, गुरुजीबी मारत नाहीत. घरी भाकर हायेच." पोरांना जे इतकं सहज सांगायचा ते त्याला स्वतःला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी त्याला एक युक्ती सांगितली. युक्त्या सुचणं हा माझा जुना रोग आहे.

"या खेपेला कोणाला सांगूच नकोस," म्हटलं. "चार दिवस आधी माझ्या घरी ये. घरी सांग, खडू आणायला जातो. ना गाड्या, ना रडणं."

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "याडीले न सांगता?"

"आठवडाभराचाच प्रश्न आहे. पास होऊन गेलास की ती काय रागावणार आहे?"

तो आला. चोपन्नचा मार्च. माझ्या ओसरीवर झोपायचा, विहिरीचं पाणी भरायचा, माझ्या बायकोला दळणाला हात लावू द्यायचा नाही. जेवायचाही. पहिल्या दिवशी भाषेचा पेपर झाला. त्यानं दोन्ही पानं भरून पुरवणी मागितली. पुरवणी मी धावतच आणून दिली. संध्याकाळी त्यानं तय्यबला विडी पाजली आणि मला विचारलं, "मास्तर, कायम झालो तं गोठ्याले पत्रे भेटतीन का?"

त्या साली गणित दुसऱ्या दिवशी होतं. दहा गणितं, दहा-दहा गुण, तेहतीसला पास. अकराला सुरू झालं. पहारा माझा. माझीही त्या साली कायम व्हायची वेळ होती आणि केंद्रावर देखरेखीला आलेला अधिकारी हेडमास्तरांच्या खोलीत बसून होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याला माझ्यापाशी एवढंच कारण आहे.

साडेअकराच्या सुमारास मी त्याच्या मागून गेलो तेव्हा तीन गणितं झाली होती. बरोबर, एकही डाग नाही. चौथं चालू होतं. आणि फाटकातून आवाज आला.

तो आवाज कोणाचा हे मला ओळखावं लागलं नाही. सबंध वर्गानं माना वर केल्या. उदयसिंगचा टाक कागदावर टेकलेला तसाच थांबला. लेक खडू आणायला गेला तो पाच दिवस झाले तरी आला नाही, म्हणून गोमतीबाईनं सुनेला खोदून विचारलं होतं. बायकोला तेवढं उदयसिंगनं सांगून ठेवलं होतं, आणि रामीबाईनं सगळं सांगितलं. वाट न लावता लेक परीक्षेला गेला हे कळल्यावर गोमतीबाईनं भाकरीचं पीठ परातीत तसंच टाकलं आणि उजाडायच्या आधी चार बायका घेऊन निघाली. पाच कोस चालत.

उदयसिंग उठून दाराशी आला. कपाळावर तोच घाम. "मास्तर, याडी आली. दोन मिनिटं भेटून येतो. भेटलो नाही तं ते उगी राहनार नाही, अन् ते उगी राहेपर्यंत माह्या हातून आता एक आकडा होत नाही."

मी जाऊन गोमतीबाईला गप्प करू शकत होतो. तय्यबला त्याच्यासोबत पाठवू शकत होतो. चपराशी बरोबर असेल तर पोराला पाण्याला सोडायची मुभा होती, आणि थोड्या वेळापूर्वीच एका पेढीवाल्याच्या मुलाला पोट दुखतं म्हणून मी तसं सोडलंही होतं. पण हेडमास्तरांच्या खोलीचं दार उघडून अधिकारी व्हरांड्यात आला होता. मी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेता येणार नाही."

त्याचा एक पाय उंबऱ्यावर होता. तो तसा किती वेळ उभा राहिला कोण जाणे. मग बाहेरच्या रडण्यात त्याचं नाव आलं आणि तो गेला.

मी दारातून पाहत होतो. आईनं त्याला गळ्याशी धरलं. दोघांचे खांदे हलत होते. मग हळूहळू ती थांबली, पदरानं त्याचं तोंड पुसलं, पागोटं नीट केलं, काहीतरी बोलली आणि तो हसला. तीन वर्षांत परीक्षेच्या दिवशी मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. तो वळला आणि धावत आला. घाम नव्हता, नजर माझ्या डोळ्यांत होती. लग्नात जेवायला बसलेला माणूस जसा पुढच्या वाढपाची वाट बघतो तशी तो उरलेल्या गणितांची वाट बघत होता.

मी दारात आडवा उभा राहिलो.

तय्यब मधे पडला. "मास्तर, मी संगंच होतो ना त्याच्या. पान्याले गेलता, लिहून टाका. खुदाकसम मी संगं होतो." तो खोटं बोलत होता. तय्यब पाच वेळचा नमाजी माणूस, त्याला मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी खोटं बोलताना ऐकलं नाही. अधिकारी तिकडून पाहत होता. मी म्हणालो, "नियम आहे."

उदयसिंगनं वाद घातला नाही. आपल्या बाकाकडे एकदा पाहिलं. टाक दौतीतच राहिला होता. "ठीक हाय मास्तर," म्हणाला, आणि गेला. त्या दिवशी तो लिंबाखालीही बसला नाही.

जूनमध्ये निकाल लागला. तिसऱ्या दिवसाचा पेपरही त्यानं दिला होता; बाकी सगळ्या विषयांत पास. गणितात तीस. अर्ध्या गणिताला गुण नव्हते.

आईनं त्याला फाटकाशी काय सांगितलं ते मला फार उशिरा, रामीबाईकडून कळलं. लेक आपल्या रडण्याला भिऊन न सांगता गेला, हे ऐकल्यावर गोमतीबाई वाटभर एक शब्द बोलली नव्हती. पाच कोसांत तिनं आपलं जुनं रडणं टाकून दिलं आणि नवं जुळवलं. चुलींची नावं नव्हती त्यात, आज्याचं मीठ नव्हतं. पास हो, नाही तर नको होऊ, तुझी भाकर झाकून ठेवली हाय, तू माझ्या पोटचा हायेस, हापिसाच्या पोटचा नाहीस. एवढंच ती गायली होती. म्हणून तो हसला होता. त्याच्या दुखण्यावरचं औषध तिनं पाच कोस चालत आणून त्याला पाजलं आणि औषध लागू पडलं त्याच क्षणी मी दार लावलं.

त्या साली मी कायम झालो. तांड्यावर पास झालेला मास्तर नेमला गेला. तो आठवड्यातून दोनदा यायचा, मग महिन्यातून दोनदा, मग त्यानं बदली करून घेतली. छप्पन सालच्या उन्हाळ्यात हापिसानं शाळा बंद केल्याचं कळवलं. गोठ्यात पुन्हा नुसती गुरं बांधू लागले. भुरी पाचवीला कुठं गेली नाही. तिचं लग्न लागलं.

उदयसिंग कारंज्याच्या एका कापसाच्या जिनात सरकीची पोती उचलायचा. बाजारात भेटला तर रामराम करायचा, माझ्या बायकोची खुशाली विचारायचा. मी एकदा धीर करून म्हटलं, "माझं चुकलं रे." तो म्हणाला, "तुमी काय करसान मास्तर, तुमचीबी नोकरी होती." त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शिव्या देणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

आणि गोमतीबाई रडायची बंद झाली. दहा तांड्यांवरून निरोप आले, ती गेली नाही. किसनसिंग नायकाच्या नातीचं लग्न झालं, नायक स्वतः तिच्या दारात येऊन बसला. ती म्हणाली, "माह्या गळ्यानं पोराची शाळा खाल्ली. आता ह्या गळ्यातून काही निंगत नाही." तिची स्वतःची धाकटी लेक सासरी निघाली तेव्हा दुसऱ्या बायका रडल्या. आई पदर दातात धरून बाजूला उभी होती.

सत्तावन्नच्या दिवाळीनंतर उदयसिंग बायकोला घेऊन लांब खडीच्या कामावर निघाला. बापानं केलं तेच. तय्यबनं मला सांगितलं म्हणून मी स्टेशनावर गेलो. मूर्तिजापूरची छोटी गाडी उभी होती. सोबत एक पत्र्याची पेटी, एक बोचकं. पेटीत काय म्हणून विचारलं तर रामीबाई म्हणाली, "पुस्तकं. फेकू म्हनलं तं ऐकत नाहीत." गोमतीबाई फलाटाच्या टोकाला खांबाशी उभी होती. आता पाठीत वाकली होती, चुडे हातात सैल झाले होते.

उदयसिंग डब्यात चढला, खिडकीशी बसला आणि मग एकदम खाली उतरून आईपाशी आला. तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, "याडी, आज तं रड. आता कायची परीक्षा हाय?"

लेकाच्या खांद्यावरून तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि तिला मी दिसलो. तिनं मला ओळखलं. मला वाटलं आता ती बोलेल, जे तिनं तीन वर्षं बोलायला हवं होतं ते. ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

तिनं पदर डोक्यावर नीट केला आणि दबक्या आवाजात विचारलं, "मास्तर, इथं रडलं तं चालते ना?"

मी म्हणालो, "चालते, माय."

तिनं लेकाच्या गळ्यात हात टाकला. तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. उदयसिंग तिच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि पोरांना सांगायचा त्याच आवाजात सांगत होता, "नाही आलं तं सोडून दे याडी, सोडून दे." गार्डानं शिट्टी दिली. तो धावत जाऊन डब्यात चढला आणि गाडी निघाली. गोमतीबाई तोंड उघडं तसंच ठेवून गाडीकडे बघत राहिली, आणि वाट न लावताच तिचा लेक गेला.